तंबोऱ्याची लांबी

रत्नागिरीत, मांडवीला आमच्या घरासमोर गाडी उभी होती, सकाळचे सात वाजले होते आणि मी तंबोऱ्याला सीटबेल्ट लावत होते. खटका बसला. मी तो सोडून पुन्हा लावला, कारण पहिल्या वेळचा आवाज मला खरा वाटला नाही. "मॅडम, बसलाय तो. काळजी करू नका," ड्रायव्हर शिंदे पुढून म्हणाले. न विचारता जो खात्री देतो त्याच्यावर माझा पहिला संशय जातो. मी तिसऱ्यांदा बेल्ट ओढून बघितला आणि मगच शेजारी बसले.

आई रस्त्यावर येऊन उभी होती. काठी फाटकाला टेकवून ठेवलेली, दोन्ही हात मोकळे. माझी आई कधी कुणाला निरोप द्यायला रस्त्यावर आलेली नाही. ती पडवीतून हात हलवते आणि आत वळते. बाबांना नेलं तेव्हासुद्धा ती पडवीच्या खांबापाशीच थांबली होती. त्या दिवशी मात्र ती डांबरावर उतरली, काचेतून हात आत घातला आणि तंबोऱ्याच्या दांडीवर कापडी गवसणीवरूनच दोनदा थोपटलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांभाळून ने हो. मी येत्येच मागाहून." मी हे पाहिलं आणि सोडून दिलं. माझं सगळं लक्ष बेल्टकडे होतं.

मांडवीत राहिलेल्यांनो, तुम्ही आपापल्या पायऱ्यांवर उभे राहून हे सगळं बघत होतात. तुमच्यातल्या एकीने विचारलंही, "काय गो नंदा, आईस नेत्येस की तंबोऱ्यास?" मी हसले. आणि माझ्यासारखे घाट चढून पुण्याला, मुंबईला किंवा त्याहून लांब गेलेले जे कोणी आहात, त्यांच्यासाठी हे पहिल्यापासून सांगते. न्यायला मी आईला गेले होते. घेऊन आले तंबोरा.

संशयी स्वभाव मला बाबांकडून मिळाला. ते कस्टममध्ये होते. बंदरावर उतरलेला माल उघडून बघणं हे त्यांचं काम, आणि ते काम ते रोज संध्याकाळी घरीही घेऊन येत. लाडवांचा डबा, मामाची चिठ्ठी, माझं प्रगतिपुस्तक, सगळं आधी उलटंपालटं व्हायचं. "उघडून बघितल्याशिवाय मान हलवायची नाही," असं ते म्हणत. आई तिकडे लक्ष देत नसे. ती सकाळ-संध्याकाळ ओटीवर मुलींना गाणं शिकवत असे आणि तिच्या शेजारी तो मिरजेहून आणलेला तंबोरा असे. सगळी मांडवी तिला बाई म्हणते. गाण्याच्या बाई. मीही लहानपणी शिकवणीच्या वेळात तिला बाईच म्हणत असे, कारण त्या वेळात आई म्हटलेलं तिला चालत नव्हतं.

तीस वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा इथून निघाले तेव्हा मला पुण्यात बँकेत नोकरी लागली होती. बाबांनी माझी ट्रंक तीन वेळा उघडली, कुलूप दोन वेळा बदललं आणि एसटीच्या टपावर ती कशी बांधलीय ते स्वतः शिडी चढून पाहिलं. आईची शिकवणी चालू होती. समोर चार मुली सा लावून बसल्या होत्या. मी पाया पडले. तिने उजव्या हाताने तारा छेडणं थांबवलं नाही, डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "पोचलीस की पत्र टाक." मला भयंकर राग आला होता. मी घर सोडून चालले आहे आणि हिचा तंबोरा काही थांबत नाही! एसटी पार पालीच्या पुढे गेली तरी तो राग उतरला नव्हता. खरं सांगायचं तर त्या तंबोऱ्याचा मला मत्सर वाटायचा. आमच्या घरात आईच्या कुशीत बसायचा हक्क त्याचा होता, माझा नव्हे.

मग पुणं झालं. लग्न झालं, सिंहगड रोडला पाचव्या मजल्यावर फ्लॅट झाला, मुलगी शिकून परदेशी गेली. माझी भाषा बदलली. मी पार्किंग, मेंटेनन्स आणि सोसायटीच्या मीटिंगा यांत रमले, 'येत्ये'ची 'येते' झाले. गाणं सुटलं. बाबा गेल्यापासून आई मांडवीला एकटी. सात वर्षं मी तिला चल म्हणत होते आणि सात वर्षं ती म्हणत होती, "बघू."

गेल्या श्रावणात ती परसात पडली. जांभ्याची पायरी, शेवाळ आणि तिचा पाय. उजवा खांदा खाली आला. तासभर ती तिथेच पडून होती. मीनल शिकवणीला आली तेव्हा कळलं. मीनल आईची जुनी विद्यार्थिनी, आता शाळेत शिक्षिका आहे, समोरच राहते. हा तास माझ्या डोक्यातून जाईना. मीटिंगमध्ये बसलेली असताना मला ती पायरी दिसायची. मी इथे एसीत बसलेय आणि ती तिथे चिखलात पडून आकाशाकडे बघतेय. मग मी ऐकेनाशी झाले. आमची पश्चिमेची खोली तिच्यासाठी रिकामी केली, बाथरूममध्ये धरायला दांडे बसवून घेतले, पलंग कमी उंचीचा आणला. रोज फोन आणि रोज तोच विषय.

शेवटी एप्रिलमध्ये ती म्हणाली, "बरं, येत्ये. पण तंबोरा आल्याशिवाय मी यायची नाही."

मी म्हटलं, पाठवून देऊ कुरिअरने, नीट पॅक करून.

"मलाही पाठव मग कुरिअरने," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तेव्हा ठरलं, गाडीनेच आणायचा. गाडी आमचीच, लहान. घाटात चालवायचा मला धीर नाही म्हणून ओळखीतून शिंदे मिळाले. मी आईला फोन करून तंबोऱ्याची लांबी विचारली. तिने पंधरा मिनिटांनी उलट फोन केला. सव्वातीन फूट. आमच्या मागच्या सीटची आतली रुंदी सव्वाचार. म्हणजे मागच्या सीटवर तो आडवा मावणार, उरलेल्या फूटभर जागेत मी अंग चोरून बसणार आणि आई पुढे आरामात. नवऱ्याला म्हटलं, तू पुन्हा एकदा मोज. त्याने मोजलं. मग मी मोजलं. गाडी तीनदा मोजली गेली. आईने सांगितलेला आकडा मी एकदाही तपासला नाही. जन्मापासून डोळ्यांसमोर असलेल्या वस्तूची लांबी आपल्याला माहीत आहे असंच वाटतं. मला तो तंबोरा कायम आईच्या खांद्याला टेकलेला आठवत होता, आणि आईच्या मापाने तो कधी मोठा वाटला नव्हता.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही मांडवीला पोचलो. मी हातपाय धुवायच्या आधी टेप काढली. तंबोरा पावणेपाच फुटांच्या वर भरला.

"आई, हे काय? तू सव्वातीन सांगितलं होतंस."

"अगो, मी तारा टेकतात त्या घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत मोजलं. तार बोलत्ये तेवढी लांबी. गाणाऱ्याला तंबोरा तेवढाच असतो."

मला हसू आलं आणि रडूही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला काय बोलणार? गाणाऱ्या माणसांनी लाकूड मोजायचंच नसतं, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली. पण गणित पार बदललं होतं. आडवा तो मावत नव्हता. गाडीच्या लांबीत उभा ठेवायचा तर पुढची सीट पूर्ण मागे पाडावी लागणार, भोपळा मागच्या सीटवर, दांडी पुढे डॅशबोर्डपर्यंत. उरली एकच जागा, ड्रायव्हरच्या मागची. तिथे कुणीतरी भोपळ्यावर हात ठेवून आठ तास बसायला हवं. आईच्या खांद्याला ते झेपणारं नव्हतं.

"तू बस तिथे," आई म्हणाली. "तो आधी जाऊ दे. नव्या हवेत आठ दिवस राहिला की रुळेल. मग मीनल मला आणून सोडेल. पाऊस सुरू व्हायच्या आत येत्ये की."

मला हे पटलं. विश्वास बसणार नाही, पण पटलं. माझे संशय तेव्हा इतर ठिकाणी कामाला लागले होते.

पहिला संशय दत्ताराम. हा आंब्याच्या बागेत पॅकिंग करतो, तीस-पस्तीस वर्षं तेच काम. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला बोलवायच्या आधीच तो दारात हजर. बरोबर एक विचित्र खोकं. आंब्याच्या दोन लाकडी पेट्या जोडून केलेलं, एका बाजूने दांडी बाहेर यायला कापलेलं. मी म्हटलं, "तुला कोणी सांगितलं?"

"बाईंनी."

"कधी?"

"झालं की चार दिस." त्याने भोपळ्याला हात लावला नाही, आधी नुसता चहूबाजूंनी फिरून बघितला. मग म्हणाला, "ताई, आंबा दाबून बसवायचा नाय आनि सैल पन सोडायचा नाय. हलला की डागला. ह्याचं पन तसंच." पेंढा त्याने जुना आणला होता. नव्या पेंढ्याला घाम सुटतो, म्हणाला. मी मूठभर पेंढा घेऊन कुस्करून पाहिला, वास घेतला, किडे आहेत का ते उन्हात धरून बघितलं. तो शांतपणे थांबला. त्याला माझ्यासारखी गिऱ्हाइकं नवीन नव्हती. भोपळा पेंढ्यात उतरवताना त्याने तो असा धरला, की माझी मुलगी जन्मली तेव्हा नर्सनेही तिला इतकं जपून धरलं नव्हतं. तरी मी हात मध्ये घालून पोकळी राहिली नाही ना ते चाचपलंच.

तारा मी स्वतः उतरवल्या. आई खुर्चीवर बसून सांगत होती. "पुऱ्या सोडू नकोस. दीड-दोन फेरे. सगळ्या सैल केल्यास तर घोडी सरकेल, आणि मग त्याचा आवाज गेलाच म्हणून समज." तीस वर्षांनी माझा हात त्या खुंट्यांना लागला. आश्चर्य म्हणजे हाताला सगळं आठवत होतं. आई माझ्या बोटांकडे बघत राहिली.

दुसरा संशय मीनल. ती नवी गवसणी घेऊन आली. जाड, आतून फ्लॅनेल लावलेली, खुंट्यांच्या टोकापर्यंत बरोब्बर मापाची. शिंप्याकडून महिन्यापूर्वीच शिवून आणलेली. मी ती दांडीवर चढवली, दोरी आवळली, आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: या मुलीचा या घरात एवढा जीव का? किल्ली हिच्याकडे असते. आईची औषधं हिला पाठ आहेत. आई इथून हलली की घराकडे कोण बघणार, तर हीच. मी तिला गोड आवाजात विचारलं, "आईला तू आणून सोडशील ना गं नक्की?" मीनलने आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं. "बाई म्हणतील तसं," ती म्हणाली. बघा, मी मनात म्हटलं, सरळ उत्तर देत नाही. गवसणी कुणाच्या मापाने शिवली हे मात्र मी विचारलं नाही.

तर अशी गाडी निघाली. भोपळा खोक्यात, खोक्यावर बेल्ट, दांडीखाली दोन उशा आणि पाडलेल्या सीटच्या फटीत आईचं जुनं लुगडं कोंबलेलं. माझा डावा हात पहिल्या मिनिटापासून खोक्यावर. शिंद्यांना मी सूचना दिल्या होत्या: खड्ड्यात हळू, गतिरोधकावर त्याहून हळू, ब्रेक एकदम नाही, गाडी उन्हात बंद करून ठेवायची नाही. "मॅडम, गरोदर बाईला पण नेलंय मी," शिंदे म्हणाले. मी विचारलं, "पोचली का ती वेळेवर?" त्यांनी गिअर बदलला.

हायवेचं काम चालूच होतं. कुठे नवीन सिमेंट, कुठे मध्येच खडी. एसीचा झोत दांडीवर येतोय असं वाटून मी झडप वळवली, मग भोपळ्याला ऊन लागतंय असं वाटून काचेला टॉवेल लावला. चिपळूणला चहाला थांबलो तेव्हा मी गाडीतून उतरले नाही. शिंद्यांनी चहा काचेतून आत दिला. दर वीस मिनिटांनी मी एका कानात बोट घालून दुसरा खोक्याला लावून ऐकत होते, आत कुठे काही खुळखुळतंय का. काही खुळखुळत नव्हतं. त्याचाही संशय येत होता.

कुंभार्ली घाटाच्या अलीकडे नाक्यावर गाडी थांबवली. हवालदार वयस्क होता. त्याने काचेतून आत पाहिलं. पेंढा बाहेर आलेलं आंब्याचं खोकं, त्यातून निघालेलं कापडात गुंडाळलेलं लांबलचक काहीतरी आणि त्याला कवटाळून बसलेली मी.

"काय आहे?"

"तंबोरा."

"मग पेंढा कशाला?"

प्रश्न रास्त होता. मी सांगायला लागले, पण माझंच बोलणं मला बनावट वाटायला लागलं. "उघडा," तो म्हणाला. मी खाली उतरले, गवसणीची दोरी सोडली, दांडी दाखवली. त्याने एका बोटाने तार छेडली. सैल तारेने भुंग असा आवाज केला. "बिघडलाय हा," तो म्हणाला.

"मुद्दाम सैल केलाय. प्रवासासाठी."

"कुणाचा?"

"माझ्या आईचा."

"आई कुठायत मग?"

"मागाहून येतायत."

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. ती नजर मी ओळखत होते, लहानपणी रोज संध्याकाळी बघितलेली होती. माझं बोलणं त्याला पटलेलं नव्हतं. तरी त्याने हात हलवला आणि आम्ही घाट चढायला लागलो. वळणावळणावर मी खोक्याला दोन्ही हातांनी धरून बसले. गाडी डावीकडे कलली की मी उजवीकडे जोर लावायची. पाटणला पोचेपर्यंत माझा खांदा भरून आला होता. कराडला शिंदे जेवले, मी गाडीतच डबा खाल्ला.

संध्याकाळी पुण्यात पोचलो. लिफ्टमध्ये तो तिरका करून बसला. खोलीत आणून खोकं उघडलं, पेंढा काढला, टॉर्च लावून भोपळा इंचाइंचाने तपासला. एक ओरखडा नाही. घोडी जागेवर. मी पलंगावर बसले आणि आईला फोन केला. "पोचला," मी म्हटलं आणि मला हुंदका आला. तीस वर्षांत आईने माझ्यावर सोपवलेली ही पहिली वस्तू होती. आईने विचारलं, "आणि तू? तू पोचलीस ना नीट?"

आठ दिवसांनी मीनलच्या शाळेचं काही निघालं. पंधरा दिवसांनी मुलींच्या गाण्याच्या परीक्षा. मग पाऊस आला आणि घाटात दरड पडल्याची बातमी. प्रत्येक कारण मी तपासलं. शाळेचं खरं होतं, परीक्षा खऱ्या होत्या, दरडही खरी होती. मी मीनलला दोनदा फोन करून आडून आडून झापलं. ती "हो ताई, हो ताई" करत राहिली.

जुलैतल्या एका रविवारी सकाळी मी फोन लावला. आई बोलत होती, नेहमीचंच, कुणाकडे बारसं आणि कुणाचं कौल उडालं. आणि तिच्या मागे सूर चालू होता. आधी माझ्या लक्षात आलं नाही, कारण तिच्या मागे तो सूर असायचाच. मग माझी नजर समोर गेली. तंबोरा माझ्यासमोर, कोपऱ्यात उभा होता.

"आई, तुझ्याकडे काय वाजतंय?"

"तंबोऱ्याची पेटी आहे ती. इलेक्ट्रॉनिक. बटण दाबलं की वाजत्ये. मीनलने आणलीन."

"कधी?"

"झाले की दिवस."

"कधी, आई?"

"गणपतीत."

गणपतीत. म्हणजे पडल्यावर महिनाभराने. म्हणजे मी खोली रिकामी करायच्या आधी, दांडे बसवायच्या आधी, गाडी मोजायच्या कितीतरी आधी. माझ्या डोळ्यांपुढे एकदम ती गवसणी आली. खुंट्यांच्या टोकापर्यंत बरोब्बर.

"आणि माप?" मी म्हटलं. "सव्वातीन फूट?"

"अगो, साठ वर्षं मी तो तंबोरा मांडीवर घेत्ये. त्याची लांबी मला ठाऊक नसेल?"

"मग खोटं का सांगितलंस?"

"खरं सांगितलं असतं तर मोठी गाडी आणली असतीस."

ती अगदी शांत होती, शिकवणीत चुकलेली तान समजावून सांगावी तशी. "सात वर्षं नाही म्हणत्ये. तू ऐकत होतीस कुठे? रिकामी परत गेली असतीस तर पुढच्या महिन्यात पुन्हा दारात उभी राहिली असतीस. म्हटलं, हिला काहीतरी नेऊ दे."

"आई, तू परत पडलीस तर?"

"मीनल रात्री इथेच निजत्ये. श्रावणापासून. तुला सांगू नको म्हटलं होतं मी तिला. तुला कळलं असतं तर म्हणाली असतीस, बघ, एकटी राहता येत नाही तुला." मग ती म्हणाली, "आणि माझा हात आता खुंटीपर्यंत जात नाही गो. तो नुसता उभा राहिला असता इथे. रोज बघायचा आणि हात लावायचा नाही, ते मला सोसवेना. तुझ्या हाताला अजून ठाऊक आहे. मी बघितलं त्या दिवशी."

मी फोन ठेवला. नऊ दिवस उचलला नाही. मी इतकी चिडले होते की भाजी चिरताना बोट कापून घेतलं. मी दत्तारामावर संशय घेतला, त्याच्या पेंढ्यावर घेतला, शिंद्यांवर, त्या बेल्टवर, एसीच्या झोतावर घेतला. मीनलवर तर इतका घेतला, की आता तिच्याशी बोलताना माझी मान वर होत नाही. फक्त आईवर घेतला नाही. नाक्यावरच्या त्या परक्या माणसाने एका मिनिटात जे विचारलं, ते मी तीन दिवस तिच्या घरात राहून विचारलं नाही.

आणि राग ओसरला तेव्हा त्याच्याखाली जे निघालं ते काही चांगलं नव्हतं. तिला सांभाळायचं होतं, हे खरंच. पण त्याहून जास्त मला त्या एका तासातून सुटायचं होतं. ती माझ्या पाचव्या मजल्यावर आली असती, तिच्या पश्चिमेच्या खोलीत दांडे धरून चालली असती, आणि मी रात्री निवांत झोपले असते. तिच्या सोयीसाठी म्हणून मी जे जे केलं त्यातलं अर्धं माझ्या झोपेसाठी होतं. तिला हे दिसलं असणार. बाबा खोकी उघडून बघत. ती न उघडता बघते.

दहाव्या दिवशी मी तंबोऱ्याला हात लावला. मांडवीच्या दमट हवेतून पुण्यात येऊन वर पावसाळा लागल्यावर तारा पार उतरल्या होत्या. अर्धा तास खटपट केली, जमेना. मग हट्ट सोडून मी फोन लावला, तो घोडीजवळ ठेवला आणि नुसतं छेडलं. हॅलो वगैरे काही म्हटलं नाही.

"जोडाची दुसरी तार खाली आहे," तिकडून आई म्हणाली. "जरा वर. फार झाली. हं. आता खर्ज."

त्या खोलीत आता तंबोरा असतो. पलंगावर कुणी झोपत नाही, दांडे कुणी धरत नाही. मी काढून टाकायला सांगितले नाहीत. इथे आलेल्यांना कधी ना कधी कुणीतरी विचारतंच, तुमचं घर कुठलं. मी पूर्वी चटकन रत्नागिरी म्हणायची आणि मनात म्हणायची, आई आली की ते संपेल, सगळं एका जागी येईल. आता ते सगळं एका जागी येणार नाही हे मला कळलंय. पायरी तिथे आहे, शेवाळ आहे, ती आहे. मी इथे आहे आणि मला काळजी वाटते. तिच्यासाठी मी करू शकते अशी आता एकच गोष्ट उरली आहे. तिने सांगितलेलं मानायचं.

दर रविवारी आमचं ठरलेलं आहे. बारसं, कौलं आणि खांदा झाला, की ती म्हणते, "पाऊस सरला की येत्ये हो मी." कुठला पाऊस ते मी विचारत नाही. मी म्हणते, "ये. खोली तयार आहे." मग मी तंबोरा मांडीवर घेते, आणि ती बाईंच्या आवाजात म्हणते, "हं. लाव सा."